जुन्या चेनसॉची दुरुस्ती : तुमचा हात कुठे बसलाय आणि कुठे अडतो?

रानवाट

जुन्या चेनसॉ (लाकूड कापायच्या यंत्रकरवती) उघडून बसणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. 'सुरूच होत नाही, काय करू?' असे धागे नेहमी निघतात. मला जरा वेगळं विचारायचंय. दुरुस्ती करणारा म्हणून तुमची जमेची बाजू कोणती, कच्ची बाजू कोणती, आणि त्याचा तुमच्या निदानावर काय परिणाम होतो?

विचारायचं कारण असं की, बंद पडलेलं यंत्र समोर आलं की प्रत्येक जण आपल्याला जे येतं तिथूनच सुरुवात करतो. कार्बोरेटरवर हात बसलाय त्याला सगळे बिघाड कार्बोरेटरमध्येच दिसतात. लेथवाला लगेच सिलिंडर काढायला निघतो. चेनसॉच्या बाबतीत हे जास्तच होतं, कारण या इंजिनात एका लक्षणामागे चार-पाच कारणं असू शकतात. गरम झाल्यावर बंद पडते? कॉइल (ठिणगीची वीज बनवणारी) असेल, झिजलेल्या रिंगा असतील, क्रँकचे (मुख्य दांड्याचे) सील असतील, नाहीतर पेट्रोल पोचत नसेल. आपण जे येतं ते तपासतो, आणि पाणी मुरत असतं भलतीकडेच. म्हणून आपलं काय पक्कं आणि काय कच्चं याची यादी प्रत्येकाकडे असावी असं मला मनापासून वाटतं.

माझी आधी सांगतो.

जमेची बाजू कार्बोरेटर. टिलॉटसन, वॉलब्रो, झामा, कुठलाही डायाफ्रामवाला द्या. यात फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) नसतो, त्यामुळे सॉ आडवी धरा, उलटी धरा, पेट्रोल येत राहतं. पण सगळा डोलारा एका पातळ पडद्यावर असतो. मीटरिंग बाजूचं झाकण काढून तो पडदा नखाने हलकेच दाबून बघा. चांगला असेल तर मुकाट आत जातो. वाळलेला असेल तर जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखा कडकड वाजतो. असा कडक पडदा सुईच्या लिव्हरला पुरेसा दाबत नाही, इंजिन लीन चालतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि आपण बाहेरून एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) उघडत बसतो.

ट्यूनिंग मी कानाने करतो. एल (कमी रेसचा) आणि एच दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करून एकेक फेरा उघडायचे, इंजिन नीट गरम होऊ द्यायचं, आधी आयडल (रेस न देता चालणं) बसवायचं आणि पूर्ण रेसवरचं काम शेवटी. मोकळ्यात पूर्ण रेस दिली की आवाज किंचित फाटका, गुरगुरता यायला हवा. बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) लाकडात शिरला, लोड आला की तोच आवाज स्वच्छ व्हायला हवा. मोकळ्यातच स्वच्छ आणि किंचाळता आवाज येत असेल तर मिश्रण लीन आहे आणि पिस्टन धोक्यात आहे.

कच्ची बाजू इग्निशन. ठिणगी पडते की नाही एवढं मला कळतं. ती कमजोर का पडते, यापुढे माझं डोकं चालत नाही. पण त्याहून मोठी कच्ची बाजू म्हणजे कार्बोरेटरचं प्रेमच. हात आपोआप तिकडे जातो. म्हणून एक शिस्त लावून घेतली आहे. यंत्र आलं की पहिल्यांदा सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन बघायचा. मग कॉम्प्रेशन, मग ठिणगी. या तिन्ही गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय कार्बोरेटरच्या एकाही स्क्रूला पेचकस लावायचा नाही. मधल्या आकाराच्या सॉला १५० पीएसआयच्या आसपास दाब आला की मी निर्धास्त होतो. १०० च्या खाली असेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? ट्यूनिंगला वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आता तुमचं येऊ द्या.

पॉइंटगॅप

रानवाट, धागा आवडला. तुमची कच्ची बाजू ती माझी जमेची.

जुन्या सॉमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन १९७० च्या दशकात रुळली त्याच्या आधीच्या बहुतेक यंत्रांत, फ्लायव्हीलखाली ब्रेकर पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, असतात. लोक त्यांना घाबरतात, पण मला ते इलेक्ट्रॉनिकपेक्षा बरे वाटतात. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं की गेलं. पॉइंट बहुतेक वेळा परत उभे राहतात.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्रात पॉइंटवर न दिसणारा थर चढतो. गॅप बरोबर असतो, कॉइल चांगली असते, ठिणगी मात्र नाही. एमरी पेपर लावू नका, त्याचे कण पृष्ठभागात रुततात. पॉइंटसाठीची बारीक कानस एकदोनदा फिरवा. मग गुळगुळीत जाड कागदाची पट्टी सॉल्व्हंटमध्ये भिजवून मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत नवी पट्टी घेऊन ओढत राहा. बोटाचं तेल लागलं तरी परत थर चढतो, त्यामुळे त्यानंतर पॉइंटला हात लावू नका. गॅप साधारण ०.३५ ते ०.४ मिमी, पण मॅन्युअल मिळालं तर त्यातलाच आकडा धरा.

ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल आणि पॉइंट लवकर जळत असतील तर कंडेन्सर (पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा भाग) बदला. कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकामधली फट मी व्हिजिटिंग कार्ड घालूनच बसवतो, ०.२५ ते ०.३ मिमी होते. फ्लायव्हीलची चावीही (त्याला शाफ्टवर नेमक्या जागी बसवणारा छोटा तुकडा) नेहमी काढून बघा. ती अर्धवट कातरली गेली असेल तर टायमिंग सरकतं, आणि ठिणगी दिसत असूनही इंजिन धड चालत नाही.

कच्ची बाजू म्हणजे माझा हात जड आहे. बारीक बोल्ट, गंजलेले स्टड, मॅग्नेशियमच्या केसमधले आटे, यांच्याशी माझं जमत नाही. बोल्ट सुटणार की तुटणार हे पान्यातून हाताला कळावं लागतं, ते मला कळत नाही. त्यामुळे सिलिंडरचे किंवा सायलेन्सरचे बोल्ट घट्ट असतील तर मी यंत्र पुढे न्यायचं थांबवतो आणि ते काम ज्याला येतं त्याच्याकडे देतो.

लोखंडी

पॉइंटगॅप, तुमच्या जड हातावर उपाय आहे. बोल्ट अडतो त्यामागे बहुतेक वेळा रसायन असतं, ताकदीचा प्रश्न नसतो. स्टीलचा बोल्ट मॅग्नेशियममध्ये वर्षानुवर्षं बसला, त्यात ओल शिरली, की दोन धातूंच्या जोडीमुळे मॅग्नेशियम कुरतडलं जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. नुसता जोर लावला तर बोल्टचं डोकं तुटतं किंवा बोल्ट आटे घेऊनच बाहेर येतो.

मी असं करतो. टाकी पूर्ण रिकामी करून यंत्रापासून वेगळी करायची. आत शिरणारं तेल सोडून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ते पुसून हीट गनने बोल्टच्या भोवतीची केस तापवायची. उघडी ज्योत अजिबात नको. बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून हलके ठोके द्यायचे. मग आधी किंचित आवळायचा आणि नंतर सोडवायचा. पाव फेरा सुटला की परत आत, परत बाहेर. 'कर्र' असा कोरडा आवाज आला की थांबून पुन्हा तेल. सुटायला लागलेला बोल्ट आणि पिळ खाणारा बोल्ट यांत फरक आहे. सुटणारा झटक्याने सरकतो. पिळ खाणारा रबरासारखा मऊ लागतो, आणि तो मऊपणा जाणवला की तत्क्षणी थांबायचं.

आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायचे तारेचे नवे आटे. प्लगचे आटे बहुतेक ठिकाणी १४ × १.२५ मिमी असतात, त्याचा संच सहज मिळतो. ड्रिल करताना मॅग्नेशियमचा बारीक कीस साठू देऊ नका. तो पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. आणखी एक, गंज काढायला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड वापरायची सवय असते, तसलं काही मॅग्नेशियमच्या केसला लावू नका. धातूच विरघळतो.

सिलिंडरला चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम काढणं हेही माझं आवडतं काम. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा उपाय सगळीकडे सांगतात, पण तो निकासिल (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) लेप असलेल्या सिलिंडरसाठी. जुन्या सॉच्या बऱ्याच सिलिंडरना क्रोमचा लेप असतो आणि ते ॲसिड क्रोमलाही खातं. कुठला लेप आहे याची खात्री नसेल तर बारीक एमरी कापड घेऊन हाताने, सावकाश. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत हेही बघून ठेवा. फक्त एक्झॉस्ट बाजूला असतील तर लीन मिश्रण किंवा तेल कमी. इनटेक बाजूला असतील तर फिल्टरमधून भुसा आत जातोय. कारण शोधल्याशिवाय नवा पिस्टन घातला तर तोही त्याच वाटेने जाणार.

आता कच्ची बाजू. रानवाट, तुम्ही आवाजाचं लिहिलंत ते वाचून मला फार वाटलं, कारण तो फाटका-गुरगुरता आवाज मला आता ऐकू येत नाही. चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि तरुणपणी आम्ही कानाला काही न लावता काम केलं. वरच्या पट्टीतलं ऐकणं गेलं. लीन इंजिनचं किंचाळणं आणि नीट इंजिनचं गुरगुरणं मला सारखंच वाटतं. मी टॅकोमीटर लावून मॅन्युअलमधल्या कमाल आरपीएमच्या थोडं खालीच एच बसवतो.

रानवाट

लोखंडी काका, पिस्टनच्या ओरखड्यांचा भाग जपून ठेवला.

टॅकोमीटरबद्दल थोडं. तो आरपीएम सांगतो, मिश्रण सांगत नाही. क्रँकचा सील हवा ओढत असेल तर एच स्क्रूने आरपीएम खाली आणता येतो, आकडा बरोबर दिसतो, पण इंजिन थोडं तापलं की तोच आकडा वर चढतो. मर्यादा घातलेली कॉइल असेल तर कॉइलच आरपीएम तोडते आणि तो अडखळता आवाज मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) असल्यासारखा वाटतो. जुन्या यंत्रांत अशी कॉइल सहसा नसते, तरी बदललेली असू शकते. तेव्हा आकड्याच्या जोडीला आणखी एक पुरावा असावा.

लोखंडी

मान्य. मी दोन जास्तीच्या गोष्टी करतो. एक, आरपीएम गार असताना, गरम झाल्यावर आणि लाकडात काम करून आल्यावर असा तीनदा लिहून ठेवतो. आकडा वर सरकत गेला तर ट्यूनिंग थांबवून गळती शोधायची. दुसरं, प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा बघतो. पोर्टमधून येणारं मिश्रण जिथे धुऊन जातं तिथे स्वच्छ पट्टे दिसतात आणि मधे काजळी. पट्टे अजिबात नसतील आणि माथा फिकट, कोरडा असेल तर मी मिश्रण जाड करतो.

आणि जे तरुण वाचतायत त्यांना कळकळीची विनंती, दोन मिनिटांच्या टेस्टिंगलाही कानांवर मफ लावा. मफ लावूनही तो गुरगुरता आवाज ऐकू येतो. कान गेल्यावर मात्र कशानेच येत नाही.

उंबरठा

धागा वाचतेय आणि प्रत्येक प्रतिसादाला मान डोलावतेय.

माझी जमेची बाजू पद्धत. मी यंत्र पूर्ण उघडते, केस फोडून क्रँकपर्यंत, आणि काही महिन्यांनी परत जोडलं तरी एक वायसर शिल्लक राहत नाही. प्रत्येक टप्प्याला फोटो, पुठ्ठ्यावर यंत्राची बाह्याकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचलेला. चेनसॉत एकाच व्यासाचे पण दोन-तीन मिमी कमी-जास्त लांबीचे बोल्ट असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर पलीकडच्या भागाला टेकतो. बेअरिंग बसवताना ठोकाठोक नाही. केसचा अर्धा भाग तापवायचा, बेअरिंग फ्रीझरमध्ये गार करायचं, आणि ते आपल्या वजनाने जागेवर बसतं.

गळतीची तपासणी हेही माझंच. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधून जातं, म्हणजे क्रँककेस हा पेट्रोलच्या वाटेचाच भाग. तिथे केसाएवढी फट असली तरी मिश्रण बिघडतं. सायलेन्सरखाली रबराचा तुकडा घालून एक्झॉस्ट बंद करायचा, कार्बोरेटरच्या जागी पट्टी, आणि इम्पल्सच्या भोकातून (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरला पोचवणाऱ्या) हातपंपाने साधारण ०.५ बार दाब भरायचा. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. मग तेवढाच व्हॅक्यूम. दोन्ही करावंच लागतं, कारण सीलची कड एका दिशेच्या दाबाने शाफ्टवर घट्ट बसते आणि दुसऱ्या दिशेने उचलली जाते. नुसता दाब धरला म्हणजे सील चांगले, असं नाही. तपासताना क्रँक हाताने फिरवत राहा. काही सील एका विशिष्ट जागीच हवा सोडतात.

फार जुनी गास्केट खरवडताना काळजी घ्या, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओलं करून काढा, कोरडं घासू नका.

कच्ची बाजू, खांदा. बऱ्याच मोठ्या जुन्या सॉना डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (ओढताना सिलिंडरचा दाब कमी करणारा) नसतो. ८०-९० सीसीचं इंजिन दोरी हातातून हिसकावून घेतं. एक यंत्र तर इतकं झटके देतं की ते मी जोडून ठेवलंय आणि सुरू करायला कोणाला तरी बोलवावं लागतं. शिवाय मला थांबता येत नाही. चालायला लागलेलं यंत्रही मनासारखं दिसेपर्यंत उघडत राहते आणि ज्याला लाकूड कापायचंय तो ताटकळतो. त्यावर आता मालकालाच आधी विचारते, चालायला हवंय की नव्यासारखं हवंय, आणि तेच कागदावर लिहून घेते.

पॉइंटगॅप

उंबरठा ताई, त्या एका यंत्राबद्दल शंका आहे. मोठं इंजिन जड लागतं हे खरं, पण जड लागणं आणि उलटा झटका देणं या दोन वेगळ्या गोष्टी. दोरी उलटी हिसकली जात असेल तर ठिणगी फार आधी पडतेय. फ्लायव्हीलची चावी बघा. पॉइंटचा गॅप जास्त असेल तरी पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. तुम्ही खांद्याला दोष देताय, तो कदाचित खांद्याचा नसेलच.

उंबरठा

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. फ्लायव्हील काढून बघते आणि कळवते.

गोलकानस

इतके प्रतिसाद झाले आणि साखळीचं नाव कोणी काढलं नाही! म्हणून लिहितो.

मी इंजिन दुरुस्त करत नाही. क्लचच्या आतलं मला काही कळत नाही, ही माझी कच्ची बाजू. मी धार लावतो आणि बार सरळ करतो. आणि 'ताकदच राहिली नाही, इंजिन उघडायला हवं' म्हणून आणलेल्या कितीतरी सॉ माझ्याकडून तशाच कापायला जातात. आपण 'जमेची बाजू' म्हणून इंजिनाचाच विचार करतो, आणि लाकूड कापते ती साखळी.

आजच्या साखळीचा दात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने घडवला. १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे दोन्ही बाजूंना कसे आडवे चालतात हे त्याने पाहिलं आणि तसा वाकडा दात केला. त्याआधीच्या साखळ्या साध्या करवतीसारखं खरवडायच्या. त्यामुळे या दाताचं काम दोन गोष्टींवर चालतं, वरची कड आणि पुढचा डेप्थ गेज (दात किती खोल जाईल ते ठरवणारा उंचवटा). कड धारदार पण गेज उंच असेल तर दात लाकडाला टेकतच नाही. भुश्याकडे बघा. पातळ काप पडत असतील तर साखळी ठीक. पीठ पडत असेल तर धार नाही. सॉ एका बाजूला वळत कापत असेल तर एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट आहेत, नाहीतर बारचा एक काठ झिजलाय.

कानस फक्त पुढे ढकलताना दाबायची, मागे येताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात. पहिला स्वच्छ हात फिरला की घर्षणाचा आवाज बदलतो, 'खर्र'चा 'सर्र' होतो. तिथून पुढे किती हात द्यायचे ते ठरतं.

दुरुस्त केलेलं यंत्र परत देण्याबद्दलही एक बोलायचंय. जुन्या बऱ्याच मॉडेलना चेन ब्रेक (साखळी झटक्यात थांबवणारा) नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की बार उलटून तोंडाकडे येतो. ब्रेक नसलेलं यंत्र चालू करून देताना हे समोरच्याला सांगणं दुरुस्तीचाच भाग आहे. ब्रेक असेल तर तो लागतो का, हे दर वेळी बघा. कंपनाचंही तसंच. १९६० च्या दशकात जंगलातल्या कामगारांची बोटं पांढरी पडायची, बधिर व्हायची, ते या हँडलच्या कंपनामुळे. रबरी माउंट असलेल्या मॉडेलमध्ये ती रबरं फाटलेली असली तर बदला, इंजिन कितीही छान चालत असलं तरी.

अनवाणी

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. मी नवीन आहे, माझी जमेची बाजू अजून तयार व्हायचीय. पण एका यंत्रावर अडलोय, इथेच विचारतो.

जुनी, पॉइंट नसलेली, साधारण ५० सीसीची सॉ. गार असताना दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होते, छान कापते. थोडा वेळ काम केलं की बंद पडते. मग कितीही ओढा, सुरू होत नाही. बाजूला ठेवून गार होऊ दिली की परत पहिल्यासारखी. कार्बोरेटरला नवीन किट घातलंय, प्लग नवा, पेट्रोलची नळी नवी. गार असताना कॉम्प्रेशन १४५ आलं.

पॉइंटगॅप

गरम झाल्यावर मरते, गार झाल्यावर उठते. कॉइल. तापली की आतली तार सुटते, गार झाली की जुळते. बंद पडल्या क्षणी ठिणगी बघा.

उंबरठा

मी सीलकडे बघेन. गरम झाल्यावर कडक झालेला सील शाफ्ट सोडतो. दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही तपासा.

लोखंडी

कॉम्प्रेशन गार असतानाचं दिलंय. बंद पडल्यावर, गरम असताना परत मोजा. खूप खाली आलं तर रिंगा आणि सिलिंडर.

रानवाट

माझं बोट अर्थातच कार्बोरेटरकडे वळतंय, म्हणून मी गप्प बसतो आणि एवढंच म्हणतो की तिघांच्याही तपासण्या एकाच वेळी होऊ शकतात. बंद पडली की लगेच ठिणगी, लगेच कॉम्प्रेशन. गार होण्याची वाट बघायची नाही.

गोलकानस

इंजिनातलं मला कळत नाही, पण अशी सॉ हातात धरून काम केलंय म्हणून विचारतो. बंद पडायच्या आधी आवाज कसा होतो? तटकन बंद होते, की आधी आवाज चढतो?

अनवाणी

चढतो. काही क्षण एकदम जोरात पळते, मी रेस सोडली तरी लगेच खाली येत नाही, मग मरते.

पॉइंटगॅप

मग मी कॉइल मागे घेतो. कॉइल जाताना इंजिन अडखळतं किंवा तटकन बंद होतं, आरपीएम चढत नाही. चढलं म्हणजे मिश्रण पातळ होतंय. पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय.

रानवाट

गोलकानस, नेमका प्रश्न विचारलात.

अनवाणी, सील उघडण्याआधी एक फुकटची तपासणी करा. आवाज चढायला लागला की इंजिन बंद करा, ते मरेपर्यंत थांबू नका, त्या लीन पळण्यानेच पिस्टन जातो. मग मोकळ्या जागी, तोंड लांब ठेवून, टाकीचं झाकण अगदी हळू उघडा. इंजिन गरम असतं, आत दाब असेल तर पेट्रोल उडतं. आवाज येतो का, आणि हवा कुठल्या दिशेने जाते, बघा. झाकण परत घट्ट लावून, सांडलेलं पुसून, मगच सुरू करून बघा. ठिणगीची तपासणी या वेळी करू नका, भोवती वाफ असते.

अनवाणी

आत्ताच करून आलो. झाकण सैल केल्याबरोबर हवा आत ओढली गेली, स्पष्ट 'स्स्स' ऐकू आलं. झाकण लावून दोरी ओढली तर पहिल्या ओढीत सुरू! गार होऊ न देता.

रानवाट

टाकीचा व्हेंट चोंदलाय. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती येत नाही, टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, कार्बोरेटरला पेट्रोल ओढता येत नाही, मिश्रण लीन होतं, आरपीएम चढतं आणि इंजिन मरतं. बाजूला ठेवल्यावर हवा सावकाश झिरपते आणि यंत्र परत चालतं. तापण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, नुसत्या वेळ जाण्याशी होता. म्हणून आपण चौघं चार दिशांना होतो.

झाकण सैल ठेवून काम करू नका, गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडेल. व्हेंट काढून स्वच्छ करा किंवा बदला. आणि सायलेन्सर काढून पिस्टन नक्की बघा, हे यंत्र अनेकदा लीन पळलंय.

उंबरठा

हातपंप असेल तर नव्या व्हेंटचीही तपासणी करा. जुन्या प्रकारच्या बऱ्याच व्हेंटमध्ये हवा आत सहज जायला हवी आणि पेट्रोल बाहेर यायला अडायला हवं. काही मॉडेलमध्ये तो झाकणात असतो, काहींत हँडलखालच्या छोट्या नळीत. त्या नळीत भुसा आणि तेल मिळून घट्ट बूच तयार होतं.

पॉइंटगॅप, फ्लायव्हील काढलं. चावी अर्ध्यावर कातरलेली आहे. नवी मागवली.

पॉइंटगॅप

चावी बसवताना शाफ्ट आणि फ्लायव्हीलचा निमुळता भाग सॉल्व्हंटने कोरडा करा. फ्लायव्हीलला खरं धरतो तो निमुळता भाग, चावी फक्त जागा दाखवते. तिथे तेल राहिलं आणि नट पुरेसा आवळला नाही की नवी चावीही कातरते.

अनवाणी

व्हेंटची नळी काढली, ताईंनी सांगितलं तसंच काळं बूच निघालं. सायलेन्सर काढून पिस्टन बघितला. मशिनिंगच्या आडव्या बारीक रेघा सगळीकडे दिसतायत, उभा ओरखडा एकही नाही. गरम असताना कॉम्प्रेशनही जवळपास तेवढंच आलं.

आता साखळीकडे बघतोय. डेप्थ गेज सगळे वेगवेगळ्या उंचीचे आहेत. गोलकानस, कानस कितीची घेऊ?

गोलकानस

आधी पिच (साखळीच्या कड्यांमधलं अंतर) कळायला हवा. बारवर किंवा साखळीच्या ड्राइव्ह लिंकवर कोरलेला असतो. पुसला गेला असेल तर लागोपाठ तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दोनने भागा. ०.३२५ इंच आलं तर ४.८ मिमीची कानस. ३/८ असेल तर ५.५ किंवा ५.२, साखळीच्या कंपनीप्रमाणे. लो-प्रोफाईल ३/८ ला ४ मिमी. सगळे दात सर्वांत आखूड दाताइतके करून घ्या, गेज त्यानंतर पट्टी लावून, चपट्या कानशीने. बहुतेक साखळ्यांना ०.६५ मिमी पुरतं. पिच मोजून इथेच टाका, मग कोनाचं बघू.